समोरच्या खुर्चीतून दिसलेला वाढपी

आलेले सामान: कॉफीची पूड पाव किलो (मी तिथे विचारला तेव्हा भाव तीस रुपये होता), खणाचा एक तुकडा (चाळीसच्या खाली मिळत नाही), बनशंकरीचे कुंकू पुडीत आणि कुमुदचा एक फोटो. वर अठरा रुपयांची तिकिटे. चिठ्ठी नाही. खणाच्या घड्या उलगडल्या, पुडीचा कागद उलटून पाहिला, कुठेही एक अक्षर नाही.

हे सामान ज्या बंगळूरहून आले, तिथे मी आणि माझ्या नणंद शकूवन्सं नुकत्याच जाऊन आलो. भगिनी मंडळाच्या हस्तलिखित अंकात प्रवासाची हकीकत द्या, असा सगळ्यांचा आग्रह आहे. खासगी गोष्ट आहे म्हणून वन्संना आणि त्यांच्या कुमुदला आधी विचारले. कुमुद म्हणाली, "लिही मामी. असू दे." म्हणून लिहिते.

जायचे कारण कुमुदचे लग्न. मुलगी गुणाची, पण लहानपणी उकळत्या तेलाने तिचा डावा गाल कानापासून हनुवटीपर्यंत भाजलेला. पाहायला आलेली तीन स्थळे चहा पिऊन गेली ती गेलीच. चौथे स्थळ बंगळूरच्या जुन्या मराठी घरातले. त्यांच्याकडे फोटो गेला तो उजव्या बाजूने काढलेला, मान किंचित वळवून. गालाचे त्यांना कळवलेले नव्हते. वन्संचे म्हणणे, "आधी घर बघू, माणसं बघू, मग सांगायचं तेव्हा सांगू." आणि तिथल्या बनशंकरी देवीला राहुकाळात लिंबाचे दिवे लावायचा नवसही होता.

मिरजेहून रात्रीची गाडी. दुसऱ्या वर्गाचे तिकीट माणशी दीडशेच्या आत. दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी बांधून घ्यावी, वाटेत काही विकत घ्यावे लागत नाही. सोमवारी सकाळी बंगळूर. स्टेशनपासून पायी जाण्यासारख्या बळेपेठेत लॉज आहेत. आम्हाला नव्वद रुपये रोजाने खोली मिळाली, गरम पाणी बादलीला दोन रुपये वेगळे. गार पाण्याने अंघोळ केली, देवाचे म्हटले आणि जेवायला बाहेर पडलो.

लॉजच्या मागच्या बोळात एक जुने शाकाहारी हॉटेल आहे. नाव देत नाही. जेवण पंधरा रुपयांत पोटभर, भात लागेल तितका. बायकांसाठी आत वेगळी खोली. तिला खिडकी नाही. आम्ही गेलो तेव्हा वीज गेलेली, टेबलावर एकेक मेणबत्ती. भिंतीला टेकलेल्या टेबलाशी आम्ही समोरासमोर बसलो. बाहेरच्या दालनात भांड्यांचा एवढा खणखणाट, पण आत काही ऐकूच येत नव्हते. वाढपी कधी आला तेही कळले नाही. अनवाणी असावा. टेबलाच्या मोकळ्या टोकाशी तो उभा राहिला आणि माझ्या ताटात भात पडला तेव्हा मी वर पाहिले.

त्याचा गाल मेणासारखा चकाकत होता. भुवई नव्हती, कानाची पाळी गालाला चिकटलेली. माझ्या तोंडचा "नारायण" तोंडातच राहिला. त्याने सांबार वाढले, ताक वाढले, आणि एवढा वेळ एकदाही माझ्याकडे वळून बघितले नाही.

माझा नियम असा की, हॉटेलात माणशी एक रुपया टीप ठेवायची. वाढणारा काळा असो की गोरा, हसरा असो की आठ्या घातलेला, रुपया तो रुपया. पण त्या दिवशी बडीशेपेच्या बशीत मी दोन ठेवले. वन्संनी ठेवले पाच. त्यांचा हात एवढा सैल मी कधी पाहिला नव्हता.

खोलीवर आल्यावर विचारले, तर म्हणाल्या, "अहो, काय राजबिंडा मुलगा! नाक बघितलंत? असा माणूस वाढतो ना, तर साधं ताकही गोड लागतं. द्यावेसे वाटले, दिले."

"राजबिंडा? वन्सं, तो तर भाजलेला होता."

"भाजलेला कुठला? तुमच्या बाजूनं दुसरा वाढत असेल."

"माझे दोन त्या भाजलेल्यासाठी होते."

"म्हणजे तुम्हीही तोंड बघूनच दिलेत की! मी रूप बघून, तुम्ही दया येऊन. उगीच मला हिशेब शिकवू नका."

दोन वाढपी असतील, असे ठरवून आम्ही झोपलो. पण माझ्या मनातून एक गोष्ट जाईना. टेबलाला मोकळे टोक एकच होते. दोघे उभे राहिले असते, तर राहिले कुठे?

मंगळवारी बाराला पुन्हा तिथेच गेलो. वन्संना त्यांचीच खुर्ची हवी होती. आज दिवे लागलेले होते, आणि तेव्हा कळले की माझ्या पाठीमागची पूर्ण भिंत आरशाची आहे. काल अंधारात ती नुसती काळी दिसत होती.

वाढपी आला. मला कालचाच गाल दिसला. समोर वन्सं त्याच्याकडे बघून कौतुकाने हसल्या, आणि मग त्यांची नजर माझ्या खांद्यावरून मागे आरशात गेली. तिथे माझी पाठ होती, माझा अंबाडा होता, आणि त्याची दुसरी बाजू होती. वन्संचे हसू तसेच राहिले, फक्त डोळे बदलले. एकदा त्या माणसाकडे बघत, एकदा आरशात. हातातले पाण्याचे भांडे कलंडले, सगळे पाणी ताटात.

"कुमुद," त्या म्हणाल्या.

त्या माणसाने फडके आणून पाणी टिपले. मान जराही वळवली नाही. पेठेत मराठी गिऱ्हाईक पुष्कळ, त्यामुळे त्याला मोडके मराठी येत होते. पुसता पुसता खालच्या आवाजात म्हणाला, "अक्का, त्या खुर्चीवरचे जास्त ठेवतात. ह्या खुर्चीवरचे कोणी काहीच ठेवत नाही, कोणी घाबरून ठेवतात. म्हणून मी चांगला गाल तिकडं करून उभा राहतो. सवय झाली."

"किती वर्षं?" मी विचारले.

"आता तिकडचीच मान राहिली, अक्का. घरी पण."

गल्ल्यावरच्या अण्णांना बाहेर येताना विचारले, तर ते हसत सुटे पैसे मोजत म्हणाले, "एकच आहे अम्मा! लोक भांडतात इथं येऊन. मी सांगतो, आरशात बघा."

त्याआधी, उठताना, बशीत त्या दिवशी काय ठेवायचे, हा प्रश्न होता. वन्सं पर्स उघडून नुसत्या बसून होत्या. कमी ठेवले तर गालाची शिक्षा, जास्त ठेवले तर गालाची भीक. शेवटी त्यांनी कालचेच पाच ठेवले. मी माझा नेहमीचा रुपया ठेवला. दोनाचा एक केला, आणि माझे बरोबर झाले की चूक, ते अजून ठरत नाही.

तिथून मॅजेस्टिकच्या बसस्टँडवर येऊन बनशंकरीची बस धरली, तिकीट दोन रुपये. देवळाबाहेर लिंबे मिळतात, रुपयाला दोन. लिंबू अर्धे कापून रस काढून टाकायचा, साल उलटी करून तिची वाटी करायची, आतली बाजू बाहेर. त्यात तूप आणि वात. तिथे शेकडो बायका शब्द न बोलता बसल्या होत्या. दिव्यांचा उजेड खालून येत होता. जिच्याकडे बघावे तिचा एक गाल उजळलेला, एक अंधारात. वन्संच्या हातातली साल दोनदा फाटली. तिसरी उलटली. डोळे मिटून त्यांनी देवीला काय सांगितले मला माहीत नाही, पण उठल्यावर म्हणाल्या, "वहिनी, माझ्या पर्समध्ये कुमुदचा शाळेच्या फॉर्मवरचा फोटो आहे. समोरून काढलेला."

मुलाचे घर देवळापासून पायी जाण्याच्या अंतरावर. मुलाच्या आई रत्नाक्का यांनी प्रेमाने बसवले, कॉफी दिली. "शीनू तिकडं पीन्या वसाहतीतल्या कारखान्यात आहे, शिफ्ट बदलून मिळत नाही. तुमच्या मुलीचा फोटो फार आवडला त्याला. अजून स्वल्प कॉफी घ्या."

वन्संनी पर्समधून समोरचा फोटो काढून त्यांच्या हातावर ठेवला. "हा बघा. आधी पाठवायला हवा होता."

रत्नाक्का बघत राहिल्या. बाहेर भाजीवाला ओरडत होता, तोही थांबल्यासारखा वाटला. मग त्या म्हणाल्या, "सरी, बरं. शीनूला दाखवते." आणि फोटो देवाजवळ ठेवला.

मी कुठे बघावे हे न कळून भिंतीकडे बघितले. तिथे शीनूचे फोटो होते. पाळण्यातला, मुंजीतला, शाळेचे बक्षीस घेतानाचा. सगळीकडे सरळ कॅमेऱ्यात बघणारा. मग कारखान्यात लागल्यानंतरचे, गणवेशातले, भावाच्या लग्नातले. त्यांतल्या प्रत्येकात मान एकाच बाजूला वळलेली. भावाच्या लग्नात सगळे पुढे बघत आहेत, आणि हा एकटा बाजूच्या भिंतीकडे. आमच्याकडे आलेला त्याचा फोटोही तसाच, त्याच बाजूचा.

परतीच्या गाडीत मी हे वन्संना सांगितले. त्या खिडकीबाहेर बघत होत्या. तशाच म्हणाल्या, "म्हणजे आपल्यालाही त्यांनी त्याच खुर्चीवर बसवलं होतं."

प्रवासाचा एकूण खर्च दोघींत साडेआठशेच्या आत बसला, साड्या घेतल्या नाहीत म्हणून. मनात मात्र ते हॉटेल घर करून राहिले. गेल्या एकादशीनंतर आमच्याकडे बारा पाने झाली. कुमुद वाढत होती. भिंतीकडच्या टोकापासून सुरू करून दाराकडे येते, कधी उलटी जात नाही. मला इतकी वर्षे वाटायचे, तिची पद्धत आहे. त्या दिवशी मी पंगतीत बसून वर बघितले. साऱ्या पंगतीला तिचा उजवा गाल दिसत होता. तिचे पाऊलही वाजत नव्हते.

मी म्हटले, "कुमुद, आज इकडून वाढ बघू." ती थांबली. मग भाताची परात उचलून दाराकडून वाढू लागली. जेवण नेहमीसारखेच झाले.

आणि आता हे पार्सल. परत आलेला फोटो बाजूचा आहे. समोरचा त्यांनी ठेवून घेतला आहे. वन्सं सकाळपासून चारदा विचारून गेल्या, याचा अर्थ काय. मला वाटते, चांगलाच. पण वाटण्यावर लग्न ठरत नाही.

म्हणून या अंकाची एक प्रत रत्नाक्कांना पाठवत आहे. अक्का, कॉफी आणि खण पोचले, कुंकू कुमुदने लावले. समोरचा फोटो तुमच्याजवळच राहू दे. शीनूचाही एक फोटो समोरून काढलेला पाठवा. असेल तसा चालेल. कुमुद स्वतः म्हणाली आहे. स्टुडिओचा खर्च आम्ही देऊ, तिकीट लावलेला लिफाफा सोबत जोडला आहे. काय ते उलट टपाली कळवा.