न ऐकू येणारा मर्मर

मेडिसिनच्या परीक्षेत मी नापास झाले ते एका आवाजामुळे. हजेरी पूर्ण होती, लॉगबुकात सगळ्या सह्या होत्या, पाठांतर चोख होतं. पण हृदयाची झडप अरुंद झाल्यावर येणारी बारीक घरघर, म्हणजे मर्मर, मला ऐकूच यायची नाही. परीक्षेत सरांनी विचारलं तेव्हा मी "ऐकला" म्हणाले, आणि पुढच्याच प्रश्नाला अडकले.

"खोटं बोलायला पुण्यापर्यंत कशाला आलात? यवतमाळलाही जमलं असतं," माझं गाव काढत सर म्हणाले.

फेरपरीक्षेला तीन आठवडे होते. वॉर्डात खिडकीजवळच्या खाटेवर हिंजवडीचे एक काका होते. पूर्वी शेती करायचे, नंतर कंपनीची बस चालवायचे. धाप लागायला लागली तशी ती नोकरीही सुटली. झडपेच्या ऑपरेशनची तारीख मिळायची होती. तोवर विद्यार्थ्यांची प्रत्येक तुकडी त्यांच्याकडेच यायची.

एका दुपारी मी तिसऱ्यांदा स्टेथोस्कोप लावून उठले.

"नाय आलं ना ऐकू?" त्यांनी विचारलं.

"नाही, काका."

"थांबा, डाव्या कुशीला होतो. मोठी चकती नको, ती छोटी वाटी लावा. दाबू नका. आता मी श्वास सोडून धरतो."

आणि ऐकू आला. लांबच्या रस्त्यावरून जड गाडी जावी तसा. मी वेड्यासारखी हसले.

"आता मला बी ऐकवा," ते म्हणाले. "इतकी पोरं ऐकून गेली, मला कुणी दिलंच नाय."

मी नळ्या त्यांच्या कानात घातल्या. त्यांनी वाटी स्वतःच्या हाताने छातीवर धरली.

"लई खराब झालंय हो हे," ते हळूच म्हणाले.

ऑपरेशननंतर बरं वाटेल, असं काहीतरी मी बोलले.

फेरपरीक्षेला मला तपासायला तेच काका मिळाले. माझ्याआधी पाच जण तपासून गेले होते. काका उशांना टेकून बसले होते, ओठ काळसर, बोलताना मध्येच थांबत होते. धाप लागलेल्या रुग्णाला आडवं करू नये, हे मला तोंडपाठ होतं. "राहू दे काका," एवढंच म्हणायचं होतं. पण मी काही बोलायच्या आत ते स्वतःच कुशीवर वळले, आणि मी वाटी टेकवली.

"चला, म्हणजे येतंय की," सर म्हणाले. मी पास झाले.

संध्याकाळी काकांना आयसीयूत हलवलं. तिसऱ्या दिवशी ते गेले.

मी सरांना गाठून विचारलं. ते या वेळी टोमणा न मारता म्हणाले, "परीक्षेमुळे नाही गेले ते. झडपच तशी होती." खरंही असेल. मला अजून ते नीटसं पटलेलं नाही.

आयसीयूबाहेर त्यांची बायको पिशवीत पांघरूण भरत होती. मी जवळ गेले. तिने माझ्या एप्रनकडे पाहिलं.

"तुमचीच परीक्षा व्हती ना? झालात का पास? हे इचारत व्हते."

मी मान हलवली.

"बरं झालं," ती म्हणाली. मग पदराने तोंड पुसून तिने विचारलं, "आता ह्यांना घरी न्यायचे कागद कुठं मिळत्यात, ताई?"

मी तिची पिशवी घेतली. खाली ऑफिसच्या खिडकीशी रांग होती. आम्ही दोघी तिच्यात उभ्या राहिलो.