मापात बसलेली बॅग

आमच्या गल्लीत मावशीला नावाने कुणी हाक मारत नाही. ती टेपमावशी. गळ्यात मापाची टेप सकाळी चढते ती झोपतानाच उतरते, आणि उतरली तरी उशाशीच असते. चाळीस वर्षं तिने लोकांचे कपडे शिवले. माणसं तिला चेहऱ्याने आठवत नाहीत, मापाने आठवतात. "कोण गं ती?" विचारलं तर म्हणेल, "ती नाही का, डावा खांदा उतरलेली."

ही माझी सख्खी मावशी, आईची धाकटी बहीण. आमची दारं समोरासमोर. काका जाऊन पंधरा वर्षं झाली. एकुलता एक मुलगा परदेशात, त्याला दोन वर्षांची मुलगी. या वर्षी त्याने आईला कायमचं बोलावून घेतलं आणि तिकीट पाठवलं, सगळ्यात स्वस्त विमानाचं. मोठ्या बॅगेत पंधरा किलो, हातातल्या बॅगेत सात, वर एक ग्रॅम गेला की दंड. सोबत फोनवरून सूचना, "आई, मशीन आणू नकोस. इथे जागा नाही. आणि तुला आता काही करायचंच नाहीये."

मावशी "बरं" म्हणाली. तिचं "बरं" म्हणजे काय असतं, हे मला इतक्या वर्षांत कळायला हवं होतं.

दुसऱ्या दिवसापासून तिने नातीचे फ्रॉक कापायला घेतले. तीन वर्षांचा, चार वर्षांचा, पाच वर्षांचा, असे थेट बारापर्यंत. "सगळं आधीच करून ठेवते," म्हणाली, "म्हणजे मशीनही नको नि कटकटही नको." त्या महिन्यात समोरून मशीनचा आवाज कधी आला नाही. मला वाटलं, मी कामावर असताना उरकत असेल. मी दवाखान्यात नाव नोंदवण्याच्या खिडकीत बसते. दिवसभर लोकांची दुखणी ऐकून घरी आले की माझ्यात चौकशा करायचं त्राण उरत नाही.

हातातली बॅग तिने विकत आणली नाही. "विमानवाल्यांचं माप काय आहे ते सांग," म्हणाली. मी मोबाइलवर बघून सांगितलं: पंचावन्न, चाळीस, वीस सेंटिमीटर. वजन सात किलो हेही सांगितलं. ती "हं" म्हणाली. मापाचे आकडे तेवढे खडूने भिंतीवर लिहून घेतले. जुन्या पडद्याच्या जाड कापडाची बॅग शिवली, आणि टेपने सहा वेळा मोजली.

निघायच्या आदल्या दिवशी मोठी बॅग आमच्या वजनकाट्यावर ठेवली. चौदा किलो आठशे. मी सुटकेचा श्वास सोडला. "आता ती छोटी आण."

"ती मापात आहे."

"मावशी, वजन..."

"सांगितलं ना, मापात आहे."

मी हट्ट करायला हवा होता. पण दोन दिवस बांधाबांध करून माझी कंबर मोडली होती. नाही केला.

सकाळी ती छोटी बॅग टॅक्सीत ठेवताना माझा खांदा निखळतो की काय असं झालं. "दगड भरलेस का?" "भांडी आहेत चार," ती खिडकीबाहेर बघत म्हणाली. ताकास तूर लागू देईल तर शपथ.

विमानतळावर रांग वळणं घेत गेली होती. मावशीसाठी काउंटरपर्यंत सोबत जायचा पास मी काढला होता. काउंटरच्या बाजूला एक लोखंडी चौकट असते. त्यात हातातली बॅग बसली तर आत न्यायची, नाही तर नाही. पुढच्या माणसाची बॅग अडकली, त्याने गुडघा लावून दाबली. मावशीची बॅग आत गेली, चहूबाजूंनी बोटभर जागा सोडून. तिने माझ्याकडे असं पाहिलं, जणू विमान तिनेच शिवलंय.

"आता काट्यावर ठेवा," काउंटरवरची मुलगी म्हणाली.

तेरा किलो आठशे.

"अहो, मापात आहे की!"

"माप बरोबर आहे, आजी. वजन जास्त आहे."

मावशी खरोखरच गोंधळली. तिच्या धंद्यात सगळं इंचांत असतं. कपडा अंगाला बसला की बसला, त्याचं वजन कोण विचारतं? चौकटीत बसणं हीच खरी परीक्षा आणि किलो म्हणजे नुसतं बोलणं, असं तिने धरलं होतं. मी चेन उघडली. आत चादरीत गुंडाळलेलं मशीन. हाताने चाक फिरवायचं, काळं, जुनं. खालची लाकडी बैठक काढलेली, सुई काढलेली.

मला राग आला, रडूही आलं. जादा वजनाचे पैसे विचारले तर ते तिकिटाहून जास्त. मी देते म्हटलं. मावशीने माझा हात धरून खाली केला.

तेवढ्यात तिच्या मुलाचा फोन. त्याला सांगितलं, आणि तिकडून उंटावरून शेळ्या हाकणं सुरू झालं. "परत पाठव मशीन ताईबरोबर! इथे तयार कपडे ढिगाने मिळतात. आई, तू आराम करायला येतेयस ना?"

"आरामालाच येतेय," मावशी म्हणाली. "मी नुसती बसले की अंग दुखतं रे. मशीनपाशी बसले की नाही दुखत. तुझ्या घरात मला उठायला-बसायला एक कोपरा लागेल ना माझा? तो मी बरोबर आणतेय." आणि फोन माझ्या हातात दिला.

काउंटरवरच्या मुलीने हळूच घड्याळ दाखवलं. "दहा मिनिटं. जड वस्तू मोठ्या बॅगेत टाका, बाकीचं कमी करा." तिच्या मागच्या भिंतीवर सूचनांचा फलक होता, माझ्या खिडकीवर असतो तसाच. तिच्यावर चिडायचं तरी कसं?

आम्ही तिथेच फरशीवर फतकल मारली. मशीन मोठ्या बॅगेत गेलं, सोबत कात्री. जाड पांघरूण बाहेर. नवे बूट बाहेर. सुनेसाठी घेतलेला स्टीलचा डब्यांचा संच बाहेर. रांगेतली माणसं आमच्यावरून पाय उचलून जात होती. काट्यावर ठेवलं, काढलं, पुन्हा ठेवलं. शेवटी हत्ती गेला आणि शेपूट राहिलं. दोन किलो काही केल्या उतरेनात. उरलं होतं काय? तिचे रोजचे कपडे, औषधं आणि फ्रॉकचं गाठोडं.

"कपडे कमी कर चार," मी म्हणाले. "तिथे शिवशील."

तिने गाठोडं उघडलं. सगळ्यात वरचा, तीन वर्षांचा फ्रॉक काढून बॅगेत ठेवला. बाकीचे नऊ माझ्या मांडीवर दिले.

"अगं, महिनाभर खपलीस ना त्यावर!"

"ठेव तुझ्याकडे."

काटा बसला. पट्टा सरकला, बॅग पडद्याआड गेली. मावशीने माझ्या गालावरून हात फिरवला आणि गळ्यातली टेप सरळ करत आत निघून गेली. मागे वळून बघितलं नाही. मला ते लागलं.

पांघरूण, बूट, डबे, फ्रॉक असं सगळं घेऊन मी दोन बस बदलत घरी आले. समोरच्या दाराला कुलूप. बसवेना म्हणून फ्रॉकच्या घड्या घालायला घेतल्या, आणि चार वर्षांच्या फ्रॉकची बाही माझ्या हातात सुटून आली. नीट पाहिलं. नुसते पांढऱ्या दोऱ्याचे कच्चे टाके, हाताने घातलेले. पाच वर्षांचा तसाच. बारा वर्षांचाही तसाच. नऊपैकी एकावरही मशीनची टीप नव्हती.

दोन दिवसांनी तिचा फोन आला. पोचली होती. मशीन खिडकीपाशी ठेवलं होतं, सून त्याच्या लाकडी बैठकीसाठी सुतार शोधत होती.

"मावशी, फ्रॉक सगळे कच्चेच आहेत."

"असायचेच. टीप मारायची राहिलीय."

"म्हणजे मशीन न्यायचं आधीपासून ठरलं होतं तुझं?"

"तुला काय वाटलं, दहा वर्षांचं काम महिन्यात संपवून मी इथे भिंतीकडे बघत बसणार होते? आता ऐक. वर्षाला एक पाठवायचा, पोस्टाने. आधी मला विचारायचं. मी पोरीचं माप घेईन, कोणता ते कळवीन, मगच पाठवायचा."

"दरवर्षी?"

"दरवर्षी. विसरू नकोस."

मावशी अडुसष्ट वर्षांची आहे. मी फार विचार केला नाही. बाही पुन्हा कच्च्या टाक्यांनी जोडली, वाकडीतिकडी, मला जमली तशी. मग कपाटातला एक कप्पा रिकामा करून फ्रॉक वयाप्रमाणे रचले. बारा वर्षांचा तळाशी आणि चार वर्षांचा सगळ्यात वर.