भाऊसाहेबांच्या चित्रकथेतले रिकामे ढग

“सावंत बाई, या ढगांत काय वाट्टेल ते लिहिलंय!”

जोगळेकर सरांनी ड्रॉइंग पेपर टेबलावर आपटले. सर आमचे मुख्याध्यापक. मी नववीला मराठी शिकवत होते आणि प्रोबेशनवर होते. म्हणजे सरांनी रिपोर्ट बरा दिला तर परमनंट, नाहीतर दुसरी शाळा बघायची.

नव्वदच्या दशकातली गोष्ट. बेलापूरच्या आमच्या शाळेची नवी इमारत झाली होती. संस्थेचे अध्यक्ष भाऊसाहेब मूळचे खाडीकाठच्या गावातले शेतकरी, आता बिल्डर. उद्घाटनाला त्यांचं जीवनचरित्र चित्रकथेत मांडायची ऑर्डर आली होती, कारण मी वर्गात चित्रकथा वापरते हे सरांना माहीत होतं. तोपर्यंत ते त्याला टाइमपास म्हणायचे. आता त्याचा ‘उपक्रम’ झाला.

मी मुलांना पात्रांचा दृष्टिकोन शिकवत होते. एकच प्रसंग प्रत्येक पात्राला कसा दिसतो, ते ओळखायचं. चित्रकथेत हे पटकन कळतं. चौकटीत मोठं कोण, कोपऱ्यात कोण. बोलण्याचा गोल फुगा कोणाला आणि मनातल्या विचाराचा ढग कोणाला. मुलांनी भाऊसाहेबांना फुगे दिले. बाकीच्यांना ढग. भाषण ऐकणाऱ्या क्लार्कच्या ढगात होतं, ‘आज पाच एकवीसची लोकल चुकणार.’ वाकून हार घालणाऱ्या मुख्याध्यापकांच्या ढगात होतं, ‘निवृत्तीनंतर एक्स्टेन्शन मिळेल का?’

“मी असा विचार करतो?”

“मुलांचा अंदाज आहे, सर.”

“अंदाज पुसा! भाऊसाहेबांचं बोलणं तेवढं ठेवा. बाकीच्यांनी विचार करायची गरज नाही.”

अक्षरं पेन्सिलीची होती, पुसली गेली. ढगांच्या कडा काळ्या शाईच्या, त्या राहिल्या.

“बाई, मग आता दृष्टिकोन कोणाचा राहिला?” वर्गातल्या प्रतिभानं विचारलं.

“ऑफिसचा,” मी म्हटलं.

उद्घाटनाच्या दिवशी चित्रं व्हरांड्यात लावली. लोक कुजबुजू लागले, हे ढग रिकामे का? सरांनी लगेच माइक धरला. “ही कल्पना माझी! भाऊसाहेबांचं कार्य बघून सगळे निःशब्द झालेत!” टाळ्या पडल्या. पाहुणे चहा-वड्यांकडे वळले.

भाऊसाहेबांची बायको, सगळ्यांची काकी, तेवढी मागे राहिली. मी आणि प्रतिभा उभ्या होतो तिथे, एका चौकटीसमोर ती थांबली. त्यात भाऊसाहेब हात पसरून म्हणत होते, ‘माझी वडिलोपार्जित जमीन मी शाळेला देत आहे.’ त्यांच्या मागे, कोपऱ्यात, पदर घेतलेली एक बारकी बाई.

“ही मी काय?”

“हो, काकी,” प्रतिभा म्हणाली.

“न् माजे डोक्यावर ह्यो ढग कसला?”

“तुमच्या मनातलं लिहायचं होतं त्यात. सरांनी पुसायला लावलं.”

“पेन हाय का, पोरी?”

मी पुढे होऊन अडवू शकले असते. रिपोर्ट डोळ्यांसमोर होता. पण काकी काय लिहितेय ते मलाही वाचायचं होतं. काकीनं सावकाश, ठसठशीत लिहिलं, ‘जमीन माजे बापाची व्हती.’

चहा आटोपून पाहुणे व्हरांड्यात परतले. कुणीतरी ते मोठ्यानं वाचलं. हसू फुटलं आणि भाऊसाहेबांना बघून विरलं.

“ह्यो ढग रिकामा कुनी ठेवला?” त्यांनी विचारलं.

“साहेब, कल्पना सावंत बाईंची,” सर म्हणाले.

“माइकवर तर तुमी तुमची बोललात.”

“त्यांचा सोडा,” काकी म्हणाली. “मी लिवला त्यो खरा हाय का खोटा, त्या सांगा.”

अख्खा व्हरांडा भाऊसाहेबांकडे बघत होता. त्यांनी रुमालानं मान पुसली.

“खरा हाय,” ते म्हणाले आणि गाडीकडे निघाले.

दुसऱ्या दिवशी चित्रं उतरली. कारण सांगितलं, भिंतींना रंग द्यायचाय. नव्या भिंतींना. सरांना एक्स्टेन्शन मिळालं नाही. माझ्या रिपोर्टमध्ये त्यांनी जाता जाता लिहिलं, ‘दृष्टिकोन शिकवताना अतिरेक करतात.’ तरी मी परमनंट झाले. काकीनं घरी विषय काढला होता म्हणे. भाऊसाहेबांना त्या दिवसांत तिच्याशी वाद नको होता.

पुढे निवृत्तीपर्यंत मी दृष्टिकोन चित्रकथेतूनच शिकवला. एक पथ्य मात्र पाळलं. आपल्या पगारावर ज्याची सही लागते, त्याला पात्र करायचं नाही.