चेंडू सुटण्याआधीची धाव

जगन्नाथ पवार सरांची आणि माझी ओळख सातारच्या ज्या शाळेत मी शिकवत होते, तिच्या वाचनालयात झाली. लष्करातून सुभेदार म्हणून निवृत्त होऊन ते नुकतेच क्रीडाशिक्षक झाले होते. मुलींना अमेरिकन फुटबॉल शिकवायचा म्हणून एक जाडजूड इंग्रजी नियमपुस्तक त्यांनी माझ्यापुढे ठेवलं. "बाई, तुमी कॉन्व्हेंटच्या. एवढं मराठीत सांगा."

त्या दुपारी मला अजून आठवतात. मी वाचत असे आणि सर खडूचे तुकडे टेबलावर सरकवत. त्यांची आवडती चाल 'मोशन'. चेंडू सुटण्याआधी, म्हणजे डाव सुरू होण्याआधी, बाकीच्या स्तब्ध उभ्या असताना, झेल घेणारी एक मुलगी आडवी धावत दुसऱ्या बाजूला जाते. समोरची एखादी तिच्यामागे गेली, तर एकीवर एक असा पहारा आहे. कुणीच गेलं नाही, तर त्यांनी जागा वाटून घेतल्या आहेत. शिवाय त्या बाजूला आपली एक वाढते, आणि धावतीला अडवणं अवघडच. सर म्हणत, "इचारायचं न्हाई. नुसतं चालायचं. समोरच्याच्या मनातलं आपसूक दिसतं."

सांगलीच्या अंतिम सामन्यात आमच्या संघातल्या दहिवडीच्या सुरेखाने हीच चाल खेळत शेवटच्या क्षणी झेल घेऊन रेषा ओलांडली, आणि पंचांनी गुण रद्द केले. चेंडू सुटताना ती आडवी न राहता थोडी पुढे सरकली होती. तसं चालत नाही, हे वाक्य भाषांतरात माझ्याकडून गळलं होतं. आम्ही हरलो. सुरेखाचे वडील मेंढरं भावाकडे सोपवून आले होते. तिला पुढे शिकवायचं की घरी न्यायचं, हे त्या दिवशी ठरणार होतं.

सर त्यांना म्हणाले, "चूक माझी. नियम मी अर्धा शिकवला. पोरगी बरोबर पळली." मग त्यांना काही न विचारता, दूर रडत बसलेल्या सुरेखाकडे ते मैदानातून आडवे चालू लागले. क्षणभराने वडीलही मागोमाग निघाले. "आवं सर," ते म्हणाले, "मेंढरामागं पळून शिकलीया ती. ऱ्हाऊ द्या तुमच्याकडंच."

परतताना बसमध्ये मी चूक कबूल केली. सर एवढंच म्हणाले, "उद्या ते पान परत वाचू."

आज सुरेखा आमच्या शाळेच्या मैदानावर मुलींना हाच खेळ शिकवते. पंचाहत्तरीतही सर रोज तिथे फेरी मारतात. त्यांना उदंड, निरोगी आयुष्य लाभो. त्यांनी असंच चालत राहावं. मागे कोण येतंय, हे वळून पाहण्याची त्यांना गरज नाही. आम्ही सगळ्या आहोत.