लांबचा हातगुण

जवळच्या माणसाला काही येत नाही आणि लांबच्याला सगळं येतं, असं मानणारा माणूस वर्धा जिल्ह्यात शोधायला निघालात तर माझ्या थोरल्या बहिणीच्या नवऱ्यापाशी येऊन थांबाल. भाऊजी देवळीचे. घरच्या मळ्यातली वांगी हिंगणघाटचे लोक नावाजतात, पण भाऊजींना भरताचं वांगं लागतं वर्ध्याच्या बाजारातलं. केस कापायला पुलगाव, चष्म्याला नागपूर. देवळीच्या डॉक्टरांच्या गोळ्यांनी एकदा त्यांचा ताप उतरला, तर मुळात ताप नव्हताच असं ते गावभर सांगत फिरले. "गाववाल्याले हातगुण नसते," हे त्यांचं ठाम मत. पिकतं तिथं विकत नाही हे मलाही कळतं, पण म्हणून कोणी त्याचा धर्म करतं काय?

अशा माणसाला लकवा झाला आणि उजवा हात अर्धवट लुळा पडला. जीव वाचवला तो वर्ध्याच्याच दवाखान्याने, पण ते कोण लक्षात ठेवतं! तिथे व्यायाम शिकवणाऱ्या मुलीने रबरी चेंडू दिला आणि रोज दाबायला सांगितला. भाऊजींनी विचारलं, "तू कोनत्या गावची वो?" ती म्हणाली, "सेलूची." झालं. जवळचीच निघाली, म्हणून चेंडू मांजरीच्या वाट्याला गेला.

भाऊजींनी पंगतीला बसणं मात्र सोडलं. उजव्या हातातून घास सांडायचा, डाव्या हाताने जेवणं त्यांना पटेना, आणि चमच्याने जेवायला आपण काही आजारी नाही असं त्यांचं म्हणणं. मग ताई आतल्या खोलीत दार लावून त्यांना घास भरवायची. ज्यांच्या आग्रहाशिवाय कुणाच्या लग्नात जिलबी संपत नसे, ते लग्नाकार्यांना जाईनासे झाले. मला फार वाईट वाटायचं.

पण मोबाइलवर एका चिनी वैद्याचा व्हिडिओ पाहून त्यांनी थेट चीन गाठलं, तेव्हा माझं डोकं फिरलं. सोबत ताई आणि पिशवीत लपवलेला सुपारी-तंबाखूचा खर्रा. वैद्याने नाडी पाहिली आणि जीभ दाखवा म्हणाला. खर्ऱ्याने वर्षानुवर्षं रंगलेली ती जीभ पाहून तो हादरलाच. त्याने आणखी दोघा वैद्यांना बोलावलं आणि पोटात भयंकर उष्णता साचल्याचं दुभाष्यामार्फत कळवलं. ताई खरं काय ते सांगायला लागली, तर भाऊजींनी तिलाच दटावलं, "तू चूप बस. त्याले हातगुण हाये, तो पाहून घेईन." मग खर्ऱ्याच्या रंगावर कडू काढा सुरू झाला आणि भाऊजींनी तो निमूट प्यायला!

हाताला सुया टोचल्या, आणि दोन अक्रोड दिले. रोज तळहातात फिरवायचे. वैद्याला मात्र त्याचं गाव कुणी विचारलं नाही. सेलूचा चेंडू आणि चीनचे अक्रोड यांत फरक काय, हे मला अजून कुणी समजावून सांगितलेलं नाही. परत आल्यावर भाऊजी बसस्टॅंडवरही अक्रोड फिरवत उभे राहायचे, आणि मी रस्ता बदलायचो.

मग माझ्या नातीच्या बारशाला ते आपणहून पंगतीत येऊन बसले आणि उजव्या हाताने जेवू लागले. अर्धा घास पानात पडत होता, वरण मनगटावरून ओघळत होतं, आणि आजूबाजूचे लोक न पाहिल्यासारखं करून पाहत होते. वाढता वाढता मी वाकलो आणि हळूच, पण रागानेच विचारलं, "भाऊजी, हात तं हाये तसाच हाये. मंग चीनले जाऊन काय भेटलं तुमाले?"

ते थोडा वेळ भाताशी झटत राहिले.

"तिथं जेवाले काड्या देतेत," ते म्हणाले. "माह्याच्यानं उचलल्या जाये नाई, तुह्या बहिनीच्यानं बी जाये नाई. आमच्या टेबलावर इलाजाले आलेले इंडियाचे जेवढे होते, साऱ्यायचं सांडून राह्यलं होतं, अन् सारे हासून राह्यले होते. मी बी हासलो. लय दिवसानं चारचौघात जेवलो गा."

मी वरणाचं भांडं दुसऱ्याच्या हाती दिलं, त्यांच्या शेजारी बसलो आणि माझ्या भातावर इतकं वरण वाढून घेतलं की ते पानाबाहेर वाहू लागलं.

भाऊजींनी वाकून पाहिलं. "पाह्य," ते म्हणाले, "तुह्यं बी सांडलं."