गणपतीचा पाट आणि पडवीतला ससा

ससा हा गरीब प्राणी आहे, असं आमच्या शाळेच्या पुस्तकात छापलेलं होतं. ते लिहिणाऱ्याच्या घरी ससा नव्हता, एवढं मी खात्रीने सांगते. आमच्या घरी होता, आणि त्याने पहिल्याच आठवड्यात माझ्या पाटीची लाकडी चौकट खाल्ली. सुट्टीनंतर मास्तरांनी विचारलं तेव्हा मी खरं तेच सांगितलं, आणि खरं सांगितल्याबद्दल छडी खाल्ली.

ससा आणला माझ्या मामाने. मामा मुंबईला जहाजावर नोकरीला होता. तो रजेवर यायचा तो बोटीने, आणि बोट मालवणला धक्क्याला लागत नसे. ती आत समुद्रात थांबायची आणि माणसं पडावात, म्हणजे छोट्या होडीत, उतरून किनाऱ्याला यायची. त्या मे महिन्यात मामा पडावातून उतरला तो एक हात छातीशी गच्च धरून. हात मोडला असं समजून आईने तिथेच डोळ्याला पदर लावला. मग शर्टाच्या गुंड्यांमधून दोन पांढरे कान वर आले.

"ह्या काय आणलंस?" आईने विचारलं.

"जहाजावरच्या सायबाचो ससो. सायब विलायतेक गेलो. ह्येका खंय टाकतलंय?" मामा म्हणाला.

आमचं घर मालवणहून तारकर्लीच्या वाटेवर, माडांच्या बागेत. वडील माडांचं उत्पन्न बघत. ते फार मोजकं बोलत. सशाला बघून ते एवढंच म्हणाले, की ह्याला कोणी नाव ठेवायचं नाही, नाव ठेवलं की जनावर घरचं होतं. त्यामुळे ससा शेवटपर्यंत बिननावाचा राहिला. आमच्या बोलीत वडलांनाही 'तो'च म्हणतात, त्यामुळे घरात नुसतं 'तो' म्हटलं की वडील किंवा ससा, ह्या दोघांपैकी कोण ते संदर्भाने समजून घ्यावं लागे.

पाटीनंतर त्याने वडलांची डावी चप्पल खाल्ली. उजवीला तोंडही लावलं नाही. मग आईच्या सुपाची कड, खाटेचा पाय, पडवीच्या दाराची चौकट. आईला वाटलं त्याला पोटभर मिळत नाही. तिने भाजीचे देठ, लाल माठ, केळीची सालं, सकाळची उरलेली घावनं असा रतीब चालू केला. ससा गुबगुबीत झाला, आणि आता अंगात ताकद आल्यामुळे चौकट दुप्पट वेगाने कुरतडू लागला. त्याने घरादाराच्या नाकी नऊ आणले.

आमच्या शेजारी होडीवाले काका राहत. जगातल्या कुठल्याही विषयावर त्यांच्याकडे उपाय असे आणि तो बहुतेक वेळा त्यांच्या होडीतच सापडे. ते म्हणाले, होडीच्या लाकडाला आम्ही मासळीचं तेल लावतो, त्याला कीड तोंड लावत नाही, तर ससा काय लावणार? आईने नाकाला पदर बांधून चौकटीला ते तेल फासलं. काकांचं म्हणणं खरं ठरलं. ससा चौकटीकडे फिरकला नाही. मात्र संध्याकाळपर्यंत वाडीतली झाडून सगळी मांजरं आमच्या पडवीत जमली आणि चौकट चाटत बसली. चार दिवस घरात शिरायचं तर मांजरं ओलांडून शिरावं लागत होतं, आणि ससा माझ्या अंथरुणात लपून उशीचा अभ्रा खात होता.

त्या दिवशी वडील पुष्कळ बोलले. म्हणजे दोन वाक्यं.

"आता एक जरी वस्तू कुरतडल्यान, तर ह्येका कणकवलीक धाडतलंय. माझो मावसभाव सांभाळीत."

हा मावसभाऊ आम्हाला चांगला माहीत होता. मटण-कोंबडीच्या सागोतीवर त्याचा फार जीव. त्याच्याकडे सांभाळायला दिलेली कोंबडी रविवार ओलांडत नसे. मी रात्रीचं जेवले नाही. ससा मात्र जेवला.

दुसऱ्या दिवशी होडीवाले काका ओशाळून आले आणि सशासमोर उकिडवे बसून त्याला न्याहाळत राहिले. "चेडवा, तेका करमणा नाय," ते मला म्हणाले. "काम नसलेलो माणूस काय करता? काडी घेवन दात कोरता. ह्येका काडी गावणा नाय, म्हणान हो दार कोरता."

मग सशाला कामाला लावायचं काम माझ्याकडे आलं. मी फुटकी बांबूची टोपली पालथी घालून तिला दोन बाजूंनी भोकं पाडली. ससा एका भोकातून आत जाई, दुसऱ्यातून बाहेर येई आणि आपण कुठे पोचलो ह्याचं दर वेळी नव्याने आश्चर्य करी. दोन करवंट्या एकमेकींवर बांधून आत सुपारी घातली, ती तो तोंडाने उडवून खुळखुळ वाजवत बसे. खळ्याच्या, म्हणजे अंगणाच्या, कोपऱ्यात मऊ वाळू टाकून दिली. ती त्याने उकरली, आणि त्या भरात शेजारची तुळसही अर्धी उपटली. ती मी कुणी उठायच्या आत परत लावली.

पण त्याचं खरं मन बसलं ते सोडणावर. सोडण म्हणजे नारळ सोलल्यावर उरतं ते वरचं जाड साल. माडांच्या घरात ह्याचा ढीग कधी संपत नाही. ससा सोडण दोन पायांत धरायचा आणि एकेक धागा दातांनी ओढून बाजूला टाकायचा. सकाळी बसला की दुपारी उठायचा. चौकट सुटली, खाट सुटली, चपला दारात निर्धास्त पडू लागल्या. वडील जाता जाता थांबून बघत. "काथ्याच्या कामाक लावूक होयो ह्येका," ते एकदा म्हणाले. हे कौतुक होतं. आमच्या वाट्याला तर तेवढंही कधी आलं नव्हतं.

आणि मग गणपतीचा पाट निघाला.

आमच्याकडे गणपती बाजारातून आणत नाहीत. प्रत्येक घराचा आपला पाट असतो. नागपंचमीच्या सुमाराला तो गणपतीच्या शाळेत, म्हणजे मूर्तिकाराकडे, नेऊन द्यायचा, आणि त्या पाटावरच त्या घरची मूर्ती घडायची. आमचा पाट फणसाचा, पणजोबांच्या वेळचा. वडलांनी तो स्वतः माळ्यावरून काढला, धुतला, पुसला. आईने त्याला तकाकी यावी म्हणून ओल्या खोबऱ्याच्या तुकड्याने घासून घासून चोळला, आणि जरा वाळू दे म्हणून पडवीत उभा केला.

दोन महिने आम्ही सशाला काय शिकवत होतो? जिथे नारळाचा वास येईल ते तुझं, बाकीच्याला तोंड लावायचं नाही. तो शिकला होता. गुणी विद्यार्थी होता. वडील आंघोळ करून आले तेव्हा पाटाचा उजवा कोपरा नव्हता आणि ससा समाधानाने मिशा पुसत होता.

वडलांनी एक नारळ घेतला, देवासमोर ठेवला आणि हात जोडून उभे राहिले. वडलांना मनातलं बोलायचं असलं की ते गाऱ्हाणं घालत. आमच्याकडे कुठल्याही कामाआधी घरातला मोठा माणूस देवाला सगळं मोठ्याने सांगतो, आणि दर वाक्याला बाकीच्यांनी 'व्हय म्हाराजा' म्हणायचं. तो होकार पडल्याशिवाय मागणं देवाला पोचत नाही, असं आमच्या घरात मानत. आई आली, मी आले, होडीवाले काका सहज तंबाखू मागायला आले होते तेही हात जोडून उभे राहिले.

"बा देवा म्हाराजा," वडलांनी सुरू केलं, "आज ह्या घरात जी काय चूक झाली हा..."

"व्हय म्हाराजा."

"ती मुक्या जनावराच्या तोंडान झाली हा, तेची क्षमा कर रे म्हाराजा."

"व्हय म्हाराजा."

"आनि ह्या जनावराक उद्याच्या एस्टीन कणकवलीक धाडूक माका बळ दी रे म्हाराजा."

कोणी काही बोललं नाही.

मी ओठ घट्ट मिटले होते. आई देवाकडे बघत होती, जणू तिला ऐकूच आलं नाही. वडलांनी एक डोळा उघडला. परत मिटला. तेच वाक्य पुन्हा म्हटलं, जरा खड्या आवाजात. काकांच्या तोंडून सवयीने "व्ह..." एवढं निघालं, पण आईने त्यांच्याकडे असं पाहिलं की त्यांना लगेच खोकला आला. तो बराच वेळ टिकला. देवघरात दुसरा आवाज नव्हता. म्हणजे पडवीत तेवढं सोडण ओढल्याचा आवाज चालू होता.

आईला वडलांच्या शब्दाबाहेर जाताना मी त्याआधी कधी पाहिलं नव्हतं. मला तिचा इतका अभिमान वाटला की रडू आलं.

वडलांनी घसा साफ केला. "तर म्हाराजा, पाट असोच शाळेत जातलो. थंयसर जी काय तुझी इच्छा असात ती होवंदे."

"व्हय म्हाराजा," आम्ही तिघांनी एकदम म्हटलं. काका सगळ्यांत मोठ्याने.

मूर्तिकाराने पाट घेतला नसता तर मात्र कणकवली टळणार नव्हती. म्हणून मीही छत्रीत शिरून वडलांबरोबर गेले. मूर्तिकार म्हातारे होते, हात कोपरापर्यंत मातीचे. त्यांनी कोपऱ्यावरून बोट फिरवलं.

"कोणी खाल्ल्यान?"

"सश्यान," वडील म्हणाले. त्यांना खोटं बोलता येत नसे आणि आता तर लाजही वाटत होती.

म्हाताऱ्याने थोडा विचार केला. "मी उंदराक हंयसरच बसवतंय," ते म्हणाले. "बघणारे म्हणतले, तेनाच खाल्ल्यान."

आणि तसंच झालं. चतुर्थीला गणपती घरी आला, माटवीखाली, म्हणजे फळाफुलांनी सजवलेल्या लाकडी चौकटीखाली, बसला, आणि त्या खाल्लेल्या कोपऱ्यावर एक मातीचा उंदीर मान खाली घालून बसला होता. दर्शनाला येणारा प्रत्येक माणूस आधी कोपरा बघे, मग उंदीर बघे आणि हसे. आरतीला आलेल्या एका बाईंनी तर त्या उंदराला लाडाने रागे भरलं. खरा गुन्हेगार आत पडवीत सोडण सोलत होता. एवढ्या मोठ्या देवाच्या वाहनावर आपला आळ गेला, ह्याचं त्याला काही वाटलं असेल असं दिसलं नाही.

त्या दिवशीच्या गाऱ्हाण्यात वडलांनी घरादाराचं मागितलं, मामाच्या जहाजाचं मागितलं, माडांचं, गुरांचं मागितलं. संपलं असं वाटून आई वाकलीच होती, तेवढ्यात ते पुटपुटले, "आनि पडवेत जो काय आसा, तेकाय सांभाळ रे म्हाराजा." मी इतक्या जोरात होकार दिला की निरांजन विझलं.

पुढे काही वर्षं प्रत्येक चतुर्थीला ते वाक्य येत राहिलं. मग एका उन्हाळ्यात ससा म्हातारा होऊन गेला. खड्डा वडलांनी खणला, माडाच्या मुळाशी, आणि वर एक सोडण ठेवलं. सुताराने पाटाचा कोपरा नवा बसवून देतो म्हटलं, त्याला त्यांनी नको म्हणून सांगितलं.

त्या वर्षी चतुर्थीला वडील नेहमीसारखे उभे राहिले. घरादाराचं झालं, जहाजाचं झालं, माडांचं, गुरांचं झालं. आणि सवयीने ते बोलून गेले, "आनि पडवेत जो काय आसा, तेकाय सांभाळ रे म्हाराजा." बोलले आणि थांबले. मान खाली गेली. पडवी रिकामी होती, हे त्यांना आमच्याआधी आठवलं असावं.

आई म्हणाली, "व्हय म्हाराजा." मग आम्ही सगळ्यांनी म्हटलं.