मामांचं मरण नसलेला निबंध

मामा गेल्याचा फोन आला तेव्हा क्षणभर मला ते खोटंच वाटलं. पुण्यात कॉलेजच्या पायऱ्यांवर बसले होते. मामेबहीण रडत म्हणाली, "ताई, बाबा गेले... वावरातच." हाच माणूस तीन वर्षांपूर्वी माझ्यासाठी हसत हसत मरायला तयार झाला होता. तेव्हाही तो खोटंच मरणार होता.

मामा मुर्री गावचे. पावसाळ्यात धानाची शेती आणि दिवाळीनंतर झाडीपट्टीच्या नाटकांत प्रॉम्प्टर. विंगेत बसायचं आणि नट अडखळला की पुढचा शब्द हळूच द्यायचा. टाळ्या नटाला, पोस्टरवर नाव मालकाचं. मामांना त्याचं काही वाटत नसे, राग मलाच यायचा.

बारावीनंतर मी पुण्याच्या एका कॉलेजात अर्ज केला, तर तिथे मार्कांइतकाच स्वतःविषयीचा निबंध महत्त्वाचा. तो पसंत पडला तरच फी माफ, आणि फी माफ झाली तरच पुणे. मी समाजसेवा, देशाचं भवितव्य, स्त्रीशक्ती असं सगळं कोंबून लिहिलं आणि मामांना वाचून दाखवलं.

"हे कोण पोरगी होय? मी तं हिले ओळखत नाही," मामा म्हणाले. मग त्यांच्यातला नाटकवाला जागा झाला. "यात एक मरण टाक. पब्लिक रडली पायजे. दुसऱ्या अंकात बापाले मार."

"मामा, बाबा बाहेर बसून चहा पिऊन राहिले!"

"मंग मले मार. मी कुठं नाही म्हणून राहिलो?"

स्वयंपाकघरातून मामी कडाडली, "तोंडाले काही लगाम आहे का नाही तुमच्या?" आम्ही दोघं पोट धरून हसलो.

मी कोणालाच मारलं नाही. लहानपणी विंगेत मामांना टेकून बसायचे, तेच लिहिलं. नट बोलत असताना मामांचे ओठ आवाज न करता हलायचे. राजा, विधवा, दारुडा, सगळे त्या एका तोंडात. मी चारचौघांत बोलायला भिणारी मुलगी, त्या ओठांकडे बघता बघता बोलायला शिकले, असं काहीसं. वाचून झालं. मामांनी विचारलं,

"यात मी मरत नाही?"

"नाही."

"मंग कोण रडन?" असं म्हणून दुपट्ट्यानं डोळे पुसत ते गाईला पाणी पाजायला उठून गेले.

प्रवेश मिळाला. "पोरीनं मले जित्ता ठेवून नंबर लावला," हे ते पार फुलचूर गावापर्यंत सांगत फिरले.

मामांच्या पुण्यानुमोदनाच्या, म्हणजे श्रद्धांजलीच्या दिवशी मांडवात सगळे रडत होते आणि मला मात्र त्या सगळ्यांचाच राग आला. मामांना हवी तशी पब्लिक रडत होती, पण मला हे मरण नको होतं. निबंधात नको होतं, तसंच आताही नकोय.

परवा मामी दारात आलेल्या एका बाईला सांगत होती, "सकाळी पेज पिऊन गेले, वावराच्या धुऱ्यावर जरासे टेकले, आन्..." आणि ती अडली. या घरात कोणी बोलताना अडलं की पुढचा शब्द आतल्या खोलीतून यायचा. मामी तिकडे मान वळवून थांबली.

आम्ही सगळेच थांबलो.